कान फोनवर, डोळे रस्त्यावर

तक्रारअर्जाचा तिसरा मसुदा कमलाकरांनी फाडला. त्यात चूक होती म्हणून नव्हे, राग दिसत होता म्हणून. राग मनात असावा, कागदावर फक्त वस्तुस्थिती असावी, असे चौतीस वर्षे हायस्कुलात मराठी शिकवताना ते मुलांना बजावत आले होते. आता मात्र पेन टेकवले की 'बेजबाबदार' हा शब्द आपोआप उमटे आणि त्याच्या पाठोपाठ 'निर्लज्ज', 'उन्मत्त' अशी विशेषणांची वरात निघे. शुक्रवार पेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत ते लिहीत बसले होते आणि दोन हातांवर पलंगावर त्यांची नात देवयानी निजली होती. वय वर्षे नऊ. उजव्या मनगटाला प्लास्टर, डाव्या भुवईवर सात टाके. झोपेत ती कण्हली की कमलाकरांचे पेन कागदात रुतत होते.

घडले होते ते असे. मंगळवारी सकाळी मायाप्पाची शाळेची व्हॅन अकरा मुले घेऊन विजापूर रस्त्याने शाळेकडे निघाली होती. उसाचा हंगाम होता. रस्त्याच्या कडेला उसाने खच्चून भरलेली एक ट्रॉली चाक बसल्यामुळे उभी होती. तिला मागे लाल दिवा नव्हता, लाल फडकेही नव्हते; पण उजाडलेले होते, रस्ता सरळ होता, आणि एवढा मोठा उसाचा डोंगर आंधळ्यालाही चुकवता आला असता. मायाप्पाला तो चुकवता आला नाही. व्हॅन मागून ट्रॉलीला भिडली, पुढची काच फुटली आणि उसाची कांडी थेट आत आली. इतर मुलांचे खरचटण्यावर निभावले. देवयानी पुढच्या सीटवर होती.

दवाखान्यात टाके घालून झाल्यावर तिने जे सांगितले ते कमलाकरांनी त्याच दिवशी तिच्याच शब्दांत टिपून ठेवले होते: "मायाप्पाकाका खाली फोनकडे बघत होते. त्यांचे ओठ हलत होते."

ओठ हलत होते. म्हणजे हा माणूस अकरा लेकरे गाडीत घालून फोनवर गप्पा मारत होता. याहून अधिक पुरावा तो काय हवा?

"अहो, किती वेळा लिहाल तेच ते?" यशोदाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. "पत्र आहे की शिलालेख?"

"पत्रच आहे. पण एकदा सह्या झाल्या की त्यातला शब्द बदलता येत नाही."

"मायाप्पाला एकदा विचारून तरी बघा, नेमकं काय झालं ते."

"विचारायचं काय त्यात? देवयानीनं पाहिलंय."

"तिनं ओठ पाहिलेत," यशोदाबाई म्हणाल्या. "शब्द नाही ऐकलेले." आणि त्या पुन्हा आत गेल्या. त्यांची ही एक खोडच होती. वाद घालायचा नाही. एकच वाक्य टाकायचे आणि कढईकडे वळायचे.

कमलाकरांच्या संतापाला आणखीही एक कारण होते, आणि ते अधिक खोलवर ठसठसत होते. मायाप्पाने फोनवर बोलूच नये, याची व्यवस्था खुद्द त्यांनी लावून दिली होती. तीन वर्षांपूर्वी त्यांनी त्याला खांदा आणि कान यांच्यात फोन चिमटून गाडी वळवताना पाहिले होते. सांगोल्याकडच्या कोरडवाहू मुलखातून आलेला हा धनगराचा पोरगा, बाप आजही मेंढरांमागे फिरणारा. नऊ वर्षांत एकदाही मुलांवर ओरडला नव्हता. त्याचा काही दोष नव्हता. दोष पालकांचा होता. "कुठवर आलात?" "आज बंटी येत नाही." "आज जरा लवकर या." शाळेला निघाल्यापासून पोहोचेपर्यंत दहा घरांतून फोन यायचे आणि मायाप्पा बिचारा प्रत्येकाला उत्तर द्यायचा. मोबाइलवर संदेश टाकावेत म्हटले तर ते वाचायला डोळे लागतात. म्हणून कमलाकरांनी बराच विचार करून एक नियमावली बांधली, स्वतःच्या वळणदार अक्षरात लिहिली, तिच्यावर प्लास्टिक चढवून घेतले आणि मायाप्पाच्या गाडीत, चालकाच्या डोळ्यांसमोर चिकटवली.

"एक रिंग: मूल तयार आहे, गाडी आणावी. दोन रिंगा: मूल आज येणार नाही, गाडी वळवू नये. तीन रिंगा: वस्तू घरी राहिली आहे, गाडी थांबवावी. चालकाने फोन उचलू नये. पालकांनी बोलू नये. कान फोनवर, डोळे रस्त्यावर."

शेवटच्या ओळीवर त्यांचा विशेष जीव होता. चार शब्द, आणि त्यांत सगळी शिस्त. पालकांनी कौतुक केले, शाळेने दुसऱ्या चार व्हॅनवाल्यांना ती नियमावली दाखवली. इतकी सोय करून दिली आणि तरीही या माणसाने फोन तोंडाला लावावा? हा नुसता अपघात नव्हता. हा त्यांच्या दृष्टीने विश्वासघात होता.

शुक्रवारी दुपारी चौथा मसुदा पूर्ण झाला. पाच कलमे, भाषा स्वच्छ, एकही विशेषण नाही. मायाप्पाला तत्काळ काढून टाकावे आणि त्याचा परवाना रद्द व्हावा म्हणून वरच्या कचेरीत दाद मागावी, अशी शेवटी मागणी. रविवारी सकाळी दहाला पालकांची सभा ठरली होती. तिथे वाचन, मग सह्या. मात्र कमलाकरांचे एक तत्त्व होते: ज्याच्याविरुद्ध तक्रार, त्याला ती आधी तोंडावर वाचून दाखवावी. पाठीमागून दगड मारणे हे चोराचे काम. म्हणून शनिवारी सकाळी ते अर्ज घेऊन, मायाप्पाची गाडी जिथे दुरुस्तीला लावली होती त्या गॅरेजवर रिक्षाने गेले.

मायाप्पा गाडीशेजारी टायरवर बसला होता. तळहाताला पट्टी, छातीला मुका मार. उठताना त्याने बरगडी धरली. त्याने टायरवरची धूळ गमछ्याने पुसली.

"बसा, सर. देवू कशी हाय?"

"देवयानीचं नाव तू काढू नकोस," कमलाकर उभ्यानेच म्हणाले. "मी अर्ज वाचतो. तू ऐक. जे खोटं वाटेल ते मी संपवल्यावर सांग."

मायाप्पाने मान हलवली आणि वर्गात उभे केलेल्या मुलासारखे हात मागे घेतले. कमलाकरांनी चष्मा सारखा केला आणि स्वच्छ, सावकाश वाचायला सुरुवात केली.

"कलम पहिले. मंगळवारी सकाळी सात वाजून अठरा मिनिटांनी, म्हणजे पंचनाम्यात नोंदलेल्या वेळी, सदर चालक वाहन चालवत असताना मोबाइल फोनवर बोलत होता, असे प्रत्यक्ष पाहणाऱ्या विद्यार्थिनीचे सांगणे आहे. कलम दुसरे..."

दुसऱ्या कलमात वेग होता, तिसऱ्यात पुढच्या सीटवर लहान मुलाला बसवल्याचा आक्षेप. आवाजाला आता धार चढली होती. वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत पोहोचणारा तो जुना आवाज ऐकून गॅरेजवाल्याने हातोडी थांबवली.

"कलम चौथे. त्याच दिवशी देवयानीची कंपासपेटी घरी राहिल्यामुळे, सकाळी सात वाजून अठरा मिनिटांनी अर्जदाराने नियमानुसार तीन रिंगा दिल्या असता, सदर चालकाने त्या नियमाचीही पायमल्ली करून वाहन..."

कमलाकर थांबले.

सात वाजून अठरा मिनिटे. त्यांनी पान मागे उलटून पहिले कलम पाहिले. सात वाजून अठरा मिनिटे. एक वेळ पंचनाम्यातून उतरवलेली, दुसरी स्वतःच्या फोनमध्ये बघून घातलेली. दोन्ही अंक त्यांच्याच वळणदार अक्षरात होते आणि दोहोंमध्ये दोन कलमांचे अंतर होते. चार मसुदे त्यांनी डोळ्यांनी वाचले होते. कानांनी आज पहिल्यांदा ऐकत होते.

"वाचा की, सर," मायाप्पा हळूच म्हणाला. "म्या ऐकतोय."

"तू त्या वेळी कुणाशी बोलत होतास?"

"कुणाशीच न्हाय."

"तुझे ओठ हलत होते."

"मोजत हुतो, सर," मायाप्पा म्हणाला. "एक, दोन, तीन."

गॅरेजवाल्याची हातोडी पुन्हा सुरू झाली. कमलाकरांना ती बरी वाटली, कारण त्या आवाजात आपले गप्प राहणे कोणाला ऐकू जात नव्हते.

"मोजायला कान पुरतात," ते अखेर म्हणाले. "मान खाली का घातलीस?"

"मोजायला पुरत्यात. पन कुनाची रिंग हाय ते कसं कळणार? धा घरं हायती. तुमच्या तीन रिंगा आन् कापडदुकानवाल्या वीरभद्रप्पासायबांच्या तीन रिंगा सारख्याच वाजत्यात की. नाव बघायलाच लागतंय. आन् आनखी एक हाय. तुमी तिकडं तीन मोजून ठेवता, हितं कदी कदी दोनच वाजत्यात. कदी चार. मग दोन म्हंजे पोर येनार न्हाय, का तीन म्हंजे वस्तू राहिली, ते म्या कसं ठरवू? त्या दिशी दोन वाजल्या. नाव तुमचं. पन देवू तर गाडीतच बसल्याली. मग दोन कशा? म्हनून पुन्यांदा बघितलं." त्याने पट्टीचा हात वर करून खाली सोडला. "वर बघतोय तर ऊस."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?" कमलाकरांचा आवाज चढला. राग अजून शिल्लक होता. फक्त त्याला बसायला जागा सापडत नव्हती. "तीन वर्षं तोंडात काय होतं तुझ्या?"

"सांगितलं हुतं, सर. मागल्या दिवाळीला. तुमी चिवडा दिला हुता बघा, तवा."

"मग? मी काय म्हणालो?"

मायाप्पाने क्षणभर त्यांच्याकडे पाहिले, मग गाडीकडे. "लक्ष दिलं की मोजता येतं, म्हनला."

फुटलेल्या काचेच्या चौकटीवर ते प्लास्टिकचे पान अजून घट्ट चिकटलेले होते. सगळे फुटले होते, नियमावली शाबूत होती. 'कान फोनवर'. शाळेच्या गाडीत चालकाचे कान फोनवर असावेत असे एका शहाण्यासुरत्या माणसाने लिहिले, त्यावर प्लास्टिक चढवले, आणि तीन वर्षांत एकाही पालकाला, एकाही शिक्षकाला, खुद्द लिहिणाऱ्यालाही त्यात काही गैर दिसले नाही. कान जिकडे जातात तिकडे मन जाते आणि मन गेले की डोळे कुणाचे राहतात, हे त्यांनी वर्गात खिडकीबाहेर बँड वाजत असताना हजार वेळा पाहिले होते.

"माजंबी चुकलंच," मायाप्पा म्हणाला. "मान खाली म्याच घातली. तुमी न्हाय. अर्जात ऱ्हाऊ द्या त्ये."

"राहणारच आहे," कमलाकर कडाडले. "तुला काय वाटलं, मी तुला सोडणार आहे?"

चहा आला होता. तो न घेताच ते परतले.

घरी आल्यावर त्यांनी अर्ज टेबलावर ठेवला आणि कितीतरी वेळ त्याच्याकडे बघत राहिले. चौथे कलम खोडले तर? खोडायला एक रेघ पुरली असती. उरलेली चार कलमे जशीच्या तशी खरी होती. फक्त 'बोलत होता'च्या जागी 'पाहत होता' करायचे. मायाप्पा सभेत तोंड उघडणार नव्हता, तो तसा माणूसच नव्हता. अर्ज बिनचूक झाला असता, मायाप्पा गेला असता, आणि शुक्रवार पेठेत कमलाकर सरांच्या शिस्तीचे पुन्हा एकदा कौतुक झाले असते. एका रेघेत एका माणसाची भाकर जाते आणि दुसऱ्याचे नाव राहते. हे गणित इतके सोपे होते की त्याचीच त्यांना घृणा आली.

संध्याकाळी सून इंद्रायणी बँकेतून आली. तिने देवयानीच्या कपाळाला हात लावला, पर्स ठेवली आणि अर्ज उचलला. अनीश, म्हणजे कमलाकरांचा मुलगा, पुण्यात नोकरीला; इथले सगळे निर्णय तिच्याच अंगावर पडत. कमलाकरांनी तिला गॅरेजवरचे सगळे सांगितले. काही गाळले नाही, काही सजवले नाही. मात्र सांगताना तिच्याकडे पाहिलेही नाही.

तिने चौथे कलम वाचले. मग म्हणाली, "कंपासपेटीसाठी?"

"हो."

"बाबा, तिच्या वर्गात पेन्सिल उसनी मिळते."

कमलाकरांना वाटले, हिने आरडाओरडा करावा, काही फेकावे. मग आपल्यालाही ओरडता येईल. तिने अर्जाची घडी घातली आणि त्यांच्या हातात दिली.

"उद्या सभेला मी येणार आहे," ती म्हणाली. "तुम्ही किती कलमं वाचता ते मला ऐकायचंय."

सभा नवी पेठेत वीरभद्रप्पांच्या कापडदुकानाच्या माडीवर होती. त्यांची जुळी मुले याच व्हॅनने जात. पांढऱ्या गाद्या घातल्या होत्या, भिंतीशी चादरींचे गठ्ठे रचलेले होते, आणि नव्या कापडाच्या खळीचा वास नाकात चढत होता. आठ घरांची माणसे आली होती. मायाप्पा जिन्याच्या तोंडाशी उभा होता. बस म्हणूनही तो बसला नाही.

"सर, वाचायचं काय त्यात?" अंकिता म्हणाली. तिचा मुलगा पहिलीत होता आणि अपघातापासून गाडीचे नाव काढले की रडत होता. "आम्ही सह्या करतो. ह्याला काढा, विषय संपवा. मुलं काय उसाची मोळी आहेत?"

"वाचायचं," कमलाकर म्हणाले. "न वाचता सही करणाऱ्यांनी या देशाचं पुरेसं नुकसान केलंय."

त्यांनी वाचायला घेतले. पहिल्या कलमात 'बोलत होता' खोडून 'पाहत होता' असे केलेले होते. दुसरे झाले, तिसरे झाले. मधेच वीरभद्रप्पांचा फोन वाजला. त्यांनी तो उचलला, "हां, बोला की... गुलाबी न्हाय, चिंतामणी... मीटिंगमध्ये आहे, बोला," असे म्हणत मालाचा रंग ठरवला आणि कमलाकरांना हातानेच पुढे चला म्हणून खूण केली. कमलाकर थांबून राहिले. वीरभद्रप्पांनी फोन ठेवल्यावर त्यांनी चौथे कलम वाचले. पूर्ण. मग पहिले कलम पुन्हा वाचले, त्यातली वेळ दोनदा म्हटली, आणि कागद खाली ठेवला.

"म्हणजे ज्या क्षणी मायाप्पानं फोनकडे पाहिलं," ते म्हणाले, "त्या क्षणी तो फोन मी वाजवत होतो. मी केलेल्या नियमाप्रमाणे. माझ्या नातीच्या कंपासपेटीसाठी, जी माझ्याच हातात होती."

मग जे झाले त्यासाठी कमलाकर तयार नव्हते. सगळे त्यांच्या मदतीला धावले.

"छे छे, सर, तुमचं काय चुकलं?" वीरभद्रप्पा म्हणाले. "तुम्ही बोलला न्हाईच की. नुसती रिंग दिली."

"तुमचा नियम चांगलाच होता," अंकिता म्हणाली. "पाळणारा माणूस तसा हवा ना."

"ड्रायव्हरनं लक्ष द्यायला नको का?" कोणीतरी मागून म्हणाले. "लक्ष दिलं असतं तर मोजता आलं असतं."

आपलेच वाक्य दुसऱ्याच्या तोंडून परत आलेले ऐकून कमलाकरांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोषारोपाचा त्यांना इतका राग आला नसता जितका या क्षमेचा आला. या माणसांना न्याय नको होता. त्यांना एक मायाप्पा हवा होता, ज्याला काढले की आपापला फोन पुन्हा खिशात सुखाने वाजू लागेल.

"खाली बसा, बापूसाहेब," ते मागच्या माणसाला म्हणाले. "तुम्ही मंगळवारी किती वेळा रिंग दिली?"

"मी? एकदाच."

"मायाप्पा, फोन आण इकडे."

मायाप्पा जागचा हलला नाही. "जाऊ द्या, सर."

"आण म्हणतो ना."

फोनची काच तडकली होती, पण यादी दिसत होती. कमलाकरांनी ती चष्मा वर करून वाचली, हजेरी घ्यावी तशी. "सहा पन्नास, अंकिता. सहा त्रेपन्न, बापूसाहेब. सहा छप्पन्न, बापूसाहेब. सात एक, वीरभद्रप्पा. सात चार, वीरभद्रप्पा. सात नऊ, पुन्हा वीरभद्रप्पा. सात अकरा, अंकिता."

"मी गाडी शाळेकडे वळली का ते बघत होते," अंकिता म्हणाली. "आईला काळजी वाटत नाही का?"

"वाटते. काळजीनंच तर मारलं असतं मुलांना. मीही काळजीनंच वाजवला." त्यांनी फोन गादीवर आपटला नाही, ठेवला. "पुढचीही नावं आपलीच आहेत. सातला दहा कमी ते सात अठरा. अठ्ठावीस मिनिटांत मोजून चौदा वेळा आपण या माणसाला खाली बघायला लावलं. चौदाव्या वेळी समोर ऊस होता. तेरा वेळा नव्हता, एवढंच आपलं पुण्य. याची चूक आहेच. तो म्हणतो, मीही म्हणतो, कलम पहिलं तसंच राहील. पण याला काढून उद्या दुसरा आणाल आणि त्याच्याही फोनवर सात वाजता तुमचंच नाव चमकेल. अशा अर्जावर सही करायची मला लाज वाटते."

"मग करायचं काय, ते तरी सांगा," वीरभद्रप्पा कुरकुरले. "फोन लावायचाच न्हाय का? पोरगं तापानं फणफणलं तर गाडी दारात येऊन भोंगाच वाजवत बसणार?"

"वाजवू दे. दोन मिनिटं थांबेल आणि जाईल. आमच्या वेळी टांगे असेच येत होते. मायाप्पाचा फोन बंद करून डब्यात, डबा मागच्या सीटखाली. शाळेच्या फाटकात गाडी उभी राहिली की मगच बाहेर. पुढच्या सीटवर कुणीही मूल बसणार नाही. आणि पावणेसात ते आठ या वेळात गाडीवर कुणी फोन करायचा नाही. एकही रिंग नाही."

"आणि उशीर झाला तर?"

"झाला तर झाला."

"तुम्हाला बोलायला काय जातंय," अंकिता एकदम म्हणाली. तिचे डोळे भरले होते आणि त्याचाच तिला राग आला होता. "तुम्ही देवयानीला पुन्हा ह्याच्या गाडीत बसवाल? सांगा ना. टाके पडलेल्या पोरीला?"

कमलाकरांनी तोंड उघडले आणि त्यांना कळले की हे उत्तर आपले नाही. त्यांनी इंद्रायणीकडे पाहिले. ती खिडकीशी बसली होती.

"मला विचारताय?" इंद्रायणी म्हणाली. "मला दोघांचाही राग आलाय. मायाप्पांचाही आणि बाबांचाही. तो राग जाईल असं वाटत नाही." ती मायाप्पाकडे वळली. "प्लास्टर निघालं की देवयानी तुमच्याच गाडीतून जाईल. फोन डब्यात दिसला नाही तर त्या दिवसापासून नाही." मग सासऱ्यांकडे. "आणि तुमचाही फोन डब्यात, बाबा. त्याच वेळात. घरच्या डब्यात."

मायाप्पाने भिंतीकडे तोंड केले आणि गमछ्याने चेहरा पुसला.

अर्जावर सही कोणीच केली नाही. अकरांपैकी चार मुले दुसऱ्या व्हॅनला गेली. त्यांत अंकिताचा मुलगा होता, आणि तिला नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही हे कमलाकरांना ठाऊक होते. वीरभद्रप्पा कुरकुरत राहिले. त्यांनी मुले ठेवली, पण अटी मान्य केल्या असे काही म्हणाले नाहीत.

पाच आठवड्यांनी, मार्चच्या एका सोमवारी, देवयानी पुन्हा शाळेला निघाली. ऊन सकाळीच तापू लागले होते. व्हॅनला नवी काच होती आणि ते प्लास्टिकचे पान कुठेच नव्हते. मायाप्पाने स्टीलचा डबा उघडून इंद्रायणीला दाखवला, झाकण लावले, मागच्या सीटखाली सरकवला. देवयानी मधल्या रांगेत बसली. तिने आजोबांना हात हलवला. तो हात अजून थोडा वाकडा हलत होता. गाडी वळली आणि दिसेनाशी झाली. इंद्रायणी बँकेच्या घाईत निघून गेली.

कमलाकर आत आले आणि त्यांनी आपला फोन तुरीच्या डाळीच्या डब्यात टाकला. यशोदाबाईंनी झाकण लावले आणि त्यावर तांदळाचा डबा ठेवला.

"दोन डबे कशाला?"

"तुम्हाला ओळखते म्हणून."

मग कमलाकर बाहेरच्या खोलीत आले आणि त्यांना कोनाड्यात देवयानीची पाण्याची बाटली दिसली. भरलेली. निळी. झाकणावर तिने स्केचपेनने आपले नाव लिहिलेले.

अंगठा आपोआप खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

"बाटली राहिली," ते म्हणाले.

"राहू दे. शाळेत नळ आहे."

"शाळेच्या नळाचं पाणी तिला बाधतं. उन्हाळा सुरू झालाय. आत्ताच निघालीय गाडी, कोपऱ्यावर असेल, एका रिंगमध्ये..."

यशोदाबाईंनी आपला हात तांदळाच्या डब्यावर ठेवला आणि तो तसाच ठेवून त्या दुसऱ्या हाताने कोथिंबीर निवडू लागल्या.

कमलाकर बाटली घेऊन खुर्चीत बसले. भिंतीवरच्या घड्याळात सात वाजून चार मिनिटे झाली होती. त्यांना देवयानीचा राग आला, एवढी मोठी घोडी झाली तरी बाटली विसरते म्हणून. मायाप्पाचा राग आला, निघताना मुलांना विचारता येत नाही का म्हणून. तांदळाचा डबा, ते घड्याळ, विजापूर रस्त्यावरच्या सगळ्या ट्रॉल्या, सगळ्यांचा राग आला. आणि सगळ्यांत जास्त आपल्या त्या अंगठ्याचा, जो खिशाच्या कडेवर अजून एक, दोन, तीन असा टकटक करत होता. त्यांनी तो मुठीत घेतला.

सात अठराला त्यांनी डोळे मिटले आणि एकोणीस होईपर्यंत उघडले नाहीत.

सात पंचविसाला डाळीच्या डब्यात फोन वाजला. दोघेही दचकले. डाळीतून घुसमटत येणारा तो आवाज एखाद्या कोंडलेल्या प्राण्यासारखा होता. तो वाजला, थांबला, पुन्हा वाजला. यशोदाबाईंनी हात काढला नाही आणि कमलाकर उठले नाहीत. शाळेतून असेल? दवाखान्यातून? पोलीस? बाटलीवरचे देवयानीचे नाव तळव्याच्या घामाने पुसट झाले. फोन तिसऱ्यांदा वाजला आणि गप्प झाला.

आठ वाजले. यशोदाबाईंनी तांदळाचा डबा बाजूला केला. कमलाकरांनी डाळीत हात घालून फोन काढला, फुंकर मारून पुसला. तीन मिस्ड कॉल. तिन्ही वीरभद्रप्पांचे.

त्यांनी फोन लावला. पलीकडून लगेच उचलला गेला.

"सर, कुठं होता हो? मायाप्पाचा फोन बंद लागतोय म्हणून म्हटलं तुम्हाला विचारावं. गाडी कुठवर गेली असंल?"

"वीरभद्रप्पा," कमलाकर म्हणाले, आणि त्यांचा आवाज पहिल्यांदाच इतका हलका निघाला की यशोदाबाईंनी मान वर केली, "मला माहीत नाही. मी एक तास इथं बसलोय आणि मला काहीही माहीत नाही. तुम्हीही बसा."

त्यांनी फोन ठेवला. बाटली अजून डाव्या हातात होती. ती कोनाड्यात परत ठेवायला ते उठले, मग काही विचाराने थांबले, आणि छत्री घेऊन बाटलीसह शाळेकडे जाणारी रिक्षा शोधायला बाहेर पडले. फोन त्यांनी टेबलावरच राहू दिला.